वर्षाची काळी चार

गाणारा समोर येऊन बसला की आधी त्याची पट्टी विचारायची. नाव नंतर विचारलं तरी चालतं. मी चाळीस वर्षं इंदुरात बाजा वाजवला. बाजा म्हणजे हार्मोनियम. पुण्याकडचे पाहुणे पेटी म्हणतात आणि मी बाजा म्हटलं की त्यांना लग्नाची वरात आठवते. असो. या अंकाचे संपादक म्हणाले, काकू, तुमच्या धंद्याबद्दल लिहा, एकेक नमुनेदार गिऱ्हाइकं लिहा. नमुने खूप भेटले, त्यातला एक सांगतेच. पण लिहायला बसले तर सारखी एकच मुलगी आठवते, आणि तिच्या बाबतीत हसण्यासारखं काही नाही. तेवढं सांभाळून घ्यावं.

आधी पट्टी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. बाजाला काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाण्याचा सा त्यातल्या कुठल्याही पट्टीवर धरता येतो. पुरुष माणूस साधारण काळी एकवरून गातो, बाई काळी चार नाहीतर पाचवरून. गाणं तेच, चाल तीच, सुरुवात कुठून करायची एवढाच फरक. जिना जमिनीवरून चढायला लागलात तर गच्चीत पोचता, पण मधल्या माळ्यावर उभं राहून तेवढ्याच पायऱ्या चढायला गेलात तर डोकं छताला लागतं. कुणाचं डोकं कुठं लागेल ते गाणाऱ्याच्या आधी बाजेवाल्याला कळायला हवं. आणि चांगला बाजेवाला कोणतंही गाणं कोणत्याही पट्टीत, बोटं न अडखळता वाजवतो. एवढीच माझी विद्या, आणि तिचा मला भारी ताठा होता.

राजवाड्याजवळ एक कापडाचे व्यापारी होते, त्यांना सगळे सेठजी म्हणत. साठी उलटल्यावर त्यांना गाण्याचा नाद लागला. गाणी फक्त जुनी, आणि तीसुद्धा रेकॉर्डवर ज्या पट्टीत आहेत त्याच पट्टीत. "ओरिजनल मतलब ओरिजनल, बहनजी," असं दर वेळी बजावायचे. आवाज होता गल्ल्यावरून नोकराला हाक मारण्याचा. पहिल्या दिवशी ओरिजनल पट्टीत त्यांनी जो काय सूर लावला, त्याने माझ्या ओट्यावरची मांजर उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी गपचूप दोन पट्ट्या खाली उतरले आणि म्हटलं, घ्या सेठजी, एकदम ओरिजनल. काय खुलले ते! नातवाच्या मुंडणात गाऊन दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सेठजींनी मला साडी दिली. शेवटपर्यंत त्यांना पत्ता लागला नाही. गळा सांभाळण्यासाठी बोललेलं खोटं मला कधी खोटं वाटलं नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा गावातली एकेक मिल बंद पडत होती. आमचे हे मिलच्या टाइम ऑफिसात होते. कोण कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, ते लिहून ठेवणं हे त्यांचं काम. मिल बंद झाली आणि हे घरी बसले. घरी बसून करणार काय? टीव्हीची हजेरी घ्यायला लागले. अमुक कार्यक्रम सात मिनिटं उशिरा, तमुक बातम्या दोन मिनिटं लवकर, असं वहीत मांडायचे आणि मला वाचून दाखवायचे. मी हसायची, आणि मोरीत जाऊन रडायची. आमच्या परदेशीपुऱ्यात, त्या मिलवाल्यांच्या वस्तीत, घरोघरी धडधाकट माणसं दिवसा ओट्यावर बसलेली दिसायची, आणि त्याच गल्लीत केबलच्या तारा नव्यानं लटकत होत्या. नवा साबण, नवं थंड पेय, नव्या मोटारी, सगळं त्या तारेतून घरात येत होतं. माणसांकडे काम नव्हतं तर हे घेणार कोण, ते मला कळेना. अजूनही पुरतं कळलेलं नाही.

त्याच तारेतून गाण्याच्या स्पर्धा आल्या, आणि यांचं काम गेलं त्याच वर्षी माझं काम दुप्पट झालं. प्रत्येक आईला आपली मुलगी टीव्हीवर दिसायला हवी होती. माझ्या बाहेरच्या खोलीत चपला मावेनात. खूश व्हावं की यांच्याकडे बघून गप्प राहावं, ते मला ठरवता येत नसे. मग मी एक दिवस खूश व्हायची आणि एक दिवस गप्प राहायची.

या स्पर्धांमध्ये एक फेरी जुन्या गाण्यांची असे आणि एक नव्या. त्यावरून गावात अक्षरशः दोन तट पडले. जुनी गाणी म्हणजे गाणी, नवी म्हणजे आरडाओरडा, असं म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. माझं म्हणणं असं होतं की जुन्या गाण्यात चढण आहे, वळण आहे, श्वास कुठं घ्यायचा ते शिकावं लागतं. नव्या गाण्यात चार पायऱ्यांवर येरझाऱ्या, बाकी ढोल. ज्यांना नवी शिकायची असतील त्यांना मी सरळ पुढच्या गल्लीतल्या क्लासचा पत्ता द्यायची. माझ्याकडे नवं गाणं वाजणार नाही, असं मी दारातच सांगत असे.

मग वर्षा आली. तिचे वडील बापूराव मिलमध्ये मागावर होते. मिलच्या गणपतीत मी दर वर्षी बाजा वाजवायची, तेव्हापासून ते मला ओळखत. मागांच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसांना ऐकू कमी येतं, बापूरावांना तर अर्ध्याहून कमी येत होतं. समोरचा बोलला की ते त्याच्या ओठांकडे बघायचे. मुलीला घेऊन आले आणि मोठ्यानं म्हणाले, की ही चांगली गाते असं सगळे म्हणतात, मला तर ऐकू येत नाही, तुम्ही सांगा खरं काय ते. वर्षा सतरा वर्षांची होती. बारावी झालेली, दोन वेण्या, मान खाली. मी पट्टी विचारली तर तिला माहीत नव्हतं. गाऊन बघितलं. काळी चार. तिथून तिचा आवाज खाली मऊ आणि वर स्वच्छ, कुठंही न चिरकणारा. इतक्या वर्षांत असे गळे मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ऐकले होते.

बापूरावांनी माझ्यासमोरच तिला काय ते सांगून टाकलं. टीव्हीवाले इंदुरात येणार आहेत, त्यांनी निवडलं तर मुंबईला जा, गाणं शीक, मी अडवणार नाही. नाही निवडलं तर देवासचं स्थळ आलंय, ते पक्कं करायचं. मला आता दोन-दोन वर्षं वाट बघणं झेपत नाही, असं म्हणाले. रागानं नाही म्हणाले. दमलेला माणूस होता. वर्षानं मान हलवली. त्या दिवसापासून मला माहीत होतं की ही एकच संधी आहे.

चार महिने आम्ही एकच गाणं घोटलं. अर्थात जुनं. दुसऱ्या अंतऱ्यात अशी एक जागा होती की जिथं नुसता सूर लागून भागत नाही, त्याच्यावर थांबावं लागतं. काळी चारवरून वर्षा तिथं अशी थांबायची की मी वाजवणं विसरून जायची. एकदा मी आत चहा टाकायला गेले होते, तर बाहेरून मला वेगळंच काही ऐकू आलं. एका नव्या सिनेमातलं गाणं, गल्लीतल्या कॅसेटवाल्याकडे दिवसभर वाजायचं ते. वर्षा हलक्या आवाजात, ठेका मांडीवर धरून गात होती. मी बाहेर येऊन रागावले. ती म्हणाली, "काकू, हे माझ्या गळ्यात आपोआप बसतं." मी म्हटलं, "म्हणूनच ते गायचं नाही." काय पण उत्तर! त्या वेळी ते मला मोठं शहाणपणाचं वाटलं होतं. आता कुणी विचारलं की त्याचा अर्थ काय, तर मला सांगता येणार नाही.

टीव्हीवाल्यांनी एका शाळेचा हॉल घेतला होता. साथीला इथलंच कुणीतरी हवं म्हणून मला बोलावणं आलं. यांनी त्या दिवशी माझ्यासाठी रिक्षा आणली, माझी साडी इस्त्री केली. घरात चालू असलेलं काम आता माझंच होतं, आणि ते आता टीव्हीचं काम होतं. हॉलमध्ये बघते तर बाजा नाहीच. कीबोर्ड ठेवलेला. तबलेवाल्यालाही बोलावलं नव्हतं, ठेका त्या मशीनमध्येच होता. आमचे तबलेवाले भिया (इंदुरात भैयाला भिया म्हणतात) बाहेर चहाच्या टपरीवर उभे राहून आत बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की सगळ्या पट्ट्या वर किंवा खाली सरकतात. म्हणजे तुम्ही बोटं काळी एकवरच ठेवा, आवाज हव्या त्या पट्टीतून निघेल. एका छोट्या खिडकीत आकडा दिसतो, किती घरं सरकवलं त्याचा. ज्याला सगळ्या पट्ट्यांत बोटं चालवता येत नाहीत त्याची सोय. मला ते बटण म्हणजे माझ्या विद्येचा अपमान वाटायचं. सकाळी पहिल्या काही मुलांना मी बोटांनीच वाजवलं. प्रत्येकाला जवळ बोलावून पट्टी विचारायची, एकदा सा धरून बघायचा, घाबरलेल्याला पाणी द्यायचं, माझी नेहमीची पद्धत.

मुंबईहून आलेला एक माणूस दारात उभा राहून सगळं बघत होता. नंबर लावणं, वेळ सांभाळणं हे त्याच्याकडे होतं. वय तिशीच्या आतलं असेल. बाहेर लांबलचक ओळ लागलेली. थोड्या वेळानं तो आत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आंटी, ये शादी का प्रोग्राम नहीं है. अब एक बार भी काम रुका, तो आपको उठाकर ट्रॅक लगवा दूँगा. ट्रॅक गाड़ी में ही रखे हैं." ट्रॅक म्हणजे गाण्याचं नुसतं संगीत आधीच भरून ठेवलेली टेप. बाजेवाल्याची गरजच नाही. घरी जाऊन यांना काय सांगणार होते मी, की मलाही उठवलं?

तेव्हा मी ते बटण वापरायला लागले. मुलानं पट्टी सांगितली की बटण दाबायचं आणि बोटं काळी एकवर. काय सांगू, चक्क आवडलं मला. विचार नाही, घाम नाही, एकामागून एक मुलं निघाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो मुंबईवाला माझ्याकडे बघून हसायलासुद्धा लागला होता.

दारावर नियम लिहिले होते. त्यातला एक असा की मुखडा संपायच्या आत गाणाऱ्यानं हात वर केला, तर एकदा थांबून पट्टी बदलून मिळेल. सकाळी, त्या धमकीच्या आधी, दोघातिघांनी हात वर केलाही होता. तो त्यांचा हक्क होता, पण मुंबईवाल्याच्या कपाळावर आठी पडायची ती माझ्याकडे बघून.

वर्षाचा नंबर दुपारी आला. तिच्या आधी एक कोवळ्या आवाजाचा मुलगा गाऊन गेला होता, त्याच्यासाठी बटण तीन घरं वर होतं. वर्षा आत आली. हिरवा सलवार-कुर्ता, तीच खाली घातलेली मान. बापूराव मागच्या बाकावर येऊन बसले. तिला बघितलं आणि माझी बोटं आपोआप काळी चारवर गेली, चार महिने जायची तशी. हिला काय पट्टी विचारायची? हिची पट्टी तर माझ्या बोटांत होती. बटणाची आठवणच राहिली नाही. बोटांनी काळी चार वाजत होती आणि आवाज तीन घरं वरून येत होता.

वाचणारा म्हणेल, एवढी जाणती बाई, हिच्या कानाला कळलं कसं नाही? सकाळपासून दर दोन मिनिटांनी नवी पट्टी, नवा गळा. कान बधिर झाले होते. वर्षानं पहिला सूर घेण्याआधी किंचित थांबून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं घाबरली. मी मानेनं म्हटलं, गा. आणि ती गायला लागली. मुखडा निभावला. आवाज पातळ वाटला, पण मला वाटलं भीतीनं. तिनं हात वर केला नाही.

नंतर मी घरी सांगितलं, की पुढचा मुलगा आला तेव्हा बटणाकडे माझं लक्ष गेलं. यांना हेच सांगितलं, तबलेवाल्या भियांना हेच सांगितलं, वर्षानुवर्षं हेच सांगत आले. ते खरं नाही. पहिला अंतरा संपत आला तेव्हा तिच्या मानेवरची शीर मला दिसली. या गाण्यात तिची शीर कधी दिसत नसे. मी खिडकीकडे बघितलं. तीन. मी वर बघितलं, वर्षाकडे. दुसरा अंतरा यायला मधला संगीताचा तुकडा होता, तो मीच वाजवत होते. तेवढ्यात हात उचलायचे आणि म्हणायचं, माझी चूक झाली, पुन्हा घेऊ या. बस, एवढंच. पण दारात तो माणूस हाताची घडी घालून उभा होता. मी हात उचलले नाहीत. तुकडा संपला आणि मी दुसरा अंतरा सुरू केला.

त्या जागेवर तिचा आवाज फाटला. एकदाच. लगेच सावरला, पण फाटला तो फाटलाच. पुढे बसलेल्या दोन परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. वाईट माणसं नव्हती ती. एकजण म्हणाले, बेटी, वर आवाज टिकत नाही, काही नवं येत असेल तर ऐकव. वर्षानं माझ्याकडे बघितलं. मी तर नवं एकही वाजवलेलं नव्हतं. मी हात मांडीवर घेतले. तिनं साथीशिवाय, स्वतःच्या पट्टीत, तेच कॅसेटवाल्याचं गाणं म्हटलं.

ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलं असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यातही श्वास घ्यायच्या जागा होत्या. त्यातही थांबायचं कुठं ते कळावं लागत होतं. मला ते आवडलं. इतकं आवडलं की भीती वाटली, कारण मग मी चार महिने हिच्याकडून काय करून घेत होते? परीक्षक हसले, कुजबुजले. मग म्हणाले की नवं छान आहे, पण मुंबईत पहिली फेरी जुन्या गाण्यांची आहे, तिथं वरचे सूर लागतील. पुढच्या वर्षी ये.

बाहेर बापूराव माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. डोळे भरलेले. म्हणाले, "काकू, आज मला माझ्या पोरीचा आवाज नीट ऐकू आला. केवढ्या वर गेली हो!" मी म्हटलं, हो. वर्षा त्यांच्या मागे उभी होती, पायातली चप्पल सारखी करत. ती माझ्या पाया पडली आणि दोघं चालत गेली.

पुढच्या वर्षी टीव्हीवाले इंदुरात आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी आले ते सगळे ट्रॅक घेऊन. मला कुणी बोलावलं नाही. म्हणजे जे वाचवायला मी गप्प बसले होते, ते वाचलंच नाही. वर्षाचं लग्न देवासला झालं. पत्रिका आली होती, मी गेले नाही. पाय दुखतात म्हणून सांगितलं. तेव्हा माझे पाय अगदी ठणठणीत होते.

मी नवी गाणी शिकवायला लागले ती त्यानंतर. लोक म्हणाले, काकू बदलल्या, जमाना ओळखला. मी काही ओळखलं नव्हतं. आता तर गंमत अशी झाली आहे की टीव्हीवर जुन्या गाण्यांची फेरी लागते आणि त्यात वर्षानं म्हटलेलं तेच गाणं असतं. परीक्षक डोळे मिटून म्हणतात, आता अशी गाणी होत नाहीत. मी समोर बसून बघत राहते. ज्याला मी आरडाओरडा म्हणत होते ते आता जुनं सोनं झालं, तर मी तेव्हा नेमकं कशाशी भांडत होते? हे असते तर त्यांना विचारलं असतं. ते म्हणाले असते, कार्यक्रम चार मिनिटं उशिरा लागला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीची मुलगी कोचिंगसाठी इंदुरात आली. भाची खंडव्याला असते, तिला सुट्टी नव्हती, म्हणून मुलीला भंवरकुआं भागातल्या हॉस्टेलात ठेवायचं काम माझ्याकडे आलं. एका गल्लीत मुलींचं हॉस्टेल होतं, स्वच्छ, कुंड्या वगैरे लावलेलं. ऑफिसात टेबलामागे चष्मा लावलेली, केस पांढरे व्हायला लागलेली बाई बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि उठूनच उभी राहिली. "काकू ना तुम्ही? बाजावाल्या?"

मी आवाजावरून ओळखलं. नवऱ्याची बदली झाल्यापासून ती इंदुरातच होती, आणि हे हॉस्टेल तीच चालवत होती. बापूराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं मुलीला खोली बघायला वर पाठवलं, माझ्यासाठी चहा मागवला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. एवढ्या मायेनं बोलत होती की मला राहवेना. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आता हिला सांगून टाकू, असं ठरवलं आणि तोंड उघडलं. आणि तोंडातून बाहेर आलं ते तेच, जे मी सगळ्यांना सांगत आले होते.

"वर्षा, त्या दिवशी चूक माझी होती. बटण तीनवर राहिलं होतं. पुढचा मुलगा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. अजिबात रागावली नाही.

"पुढचा मुलगा आला तेव्हा नाही, काकू. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी. तुम्ही त्या खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तुमच्याकडेच बघत होते ना. मला वाटलं, आता थांबतील."

माझी मान वर होईना. लाज म्हणजे काय ते मला सत्तरी उलटल्यावर कळलं. तरी जीभ काही गप्प बसेना. मी विचारलं, मग तू हात का नाही वर केलास, तुला तर पहिल्या ओळीतच कळलं असेल.

"सा घेतला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "पण सकाळी तो माणूस तुम्हाला काय बोलला, ते मी दारात उभी राहून ऐकलं होतं. मी थांबवलं असतं तर त्यानं तुम्हाला उठवलं असतं. काका तेव्हा घरीच होते ना. म्हटलं, गाऊन बघू. लागला सूर तर लागला."

असं म्हणून ती माझ्याकडे बघून थोडी हसली. ते हसणं कसलं होतं, ते मी तेव्हापासून रोज लावून बघते, आणि मला लागत नाही. माफ कर म्हणायला हवं होतं. पण बटणाची माफी मागावी तर तो प्रश्नच नव्हता, आणि दुसऱ्या गोष्टीची माफी कोणत्या शब्दांत मागतात ते मला माहीत नव्हतं. सतरा वर्षांच्या पोरीनं माझं काम वाचवायला स्वतःचा गळा पणाला लावला होता, आणि मी, पंचेचाळीस वर्षांची बाई, वाजवत वाजवत तो फाटेपर्यंत बघत होते.

मुलगी वरून खाली आली, म्हणाली खोली आवडली. वर्षानं चष्मा लावला, एक छापील फॉर्म काढला, मुलीचं नाव, कोचिंगचं नाव भरलं. मग फॉर्म माझ्याकडे फिरवून पेन पुढे केलं. खाली लिहिलं होतं: या मुलीची इंदुरातली सर्व जबाबदारी मी घेत आहे. मी पेन हातात घेतलं आणि तशीच बसून राहिले.

"करा ना सही, काकू," वर्षा म्हणाली. "इथं तिचं तुमच्याशिवाय कोण आहे?"